कड्यावरचा तो माणूस कोण?

'क्लिफहँगर' (1993) या हॉलिवूड सिनेमातले कडे नायक सिल्व्हेस्टर स्टॅलोननं स्वतः चढून दाखवले, हे तुमच्या लेखातलं विधान मला खटकलं. अवघड चढाईच्या दृश्यांत त्याचा डबल, म्हणजे त्याच्या जागी चढणारा, होता जर्मन गिर्यारोहक वोल्फगांग ग्युलिख. यानंच 1991 मध्ये 'अॅक्सिऑन डायरेक्ट' या कातळावरच्या वाटेची चढाई केली, तेव्हाची जगातली सर्वांत अवघड म्हणतात ती. त्याच्या सरावासाठी त्यानं 'कॅम्पस बोर्ड' हा आडव्या पट्ट्यांचा फळा शोधून काढला: पाय न टेकता, निव्वळ बोटांच्या जोरावर पट्ट्यापट्ट्यांनी वर जायचं. आज गावोगावच्या क्लाइंबिंग भिंतींवर पोरं त्याच बोर्डावर घाम गाळतात. ऑगस्ट 1992 मध्ये, सिनेमा लागायच्या आधीच, कार अपघातात तो गेला. वय अवघं 31. सिनेमा त्यालाच अर्पण केलाय. आणि कोलोराडोच्या नावानं दिसणारे बरेचसे कडे इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगररांगेतले आहेत, तेही लिहायला हवं होतं.

मी बडोद्याचा. सुट्टीत पोरांना पावागढच्या कातळावर चढाई शिकवायला नेतो. दरवेळी कुणीतरी हीरोसारखं दोन्ही पाय सोडून हातांवर लोंबकळतं आणि मिनिटाभरात हात भरून येतात. भार पायांवर ठेव, हात फक्त तोल सांभाळायला, हे मग घसा कोरडा होईस्तोवर सांगावं लागतं. त्या पोरांना ग्युलिखचं नाव आणि त्यामागची वर्षानुवर्षांची मेहनत कळली पाहिजे, म्हणून लेखात एवढी दुरुस्ती जरूर करा.