तीन नंबरचा माग

बेळगावच्या वडगावात आमच्या घराची एक भिंत सामाईक आहे. अलीकडे आम्ही, पलीकडे अण्णांचे चार पॉवरलूम. सकाळी सहाला सुरू होतात ते रात्री जेवणं होईपर्यंत खटाक-खट, खटाक-खट. नवा पाहुणा आला की पहिल्याच चहाला विचारतो, "तुम्हाला झोप कशी लागते हो?" खरं तर आमची झोप उडते ती माग थांबल्यावर. दुपारी लाईट गेली की आई दचकून उठून बसते आणि विचारते, "काय झालं रे?"

चारांपैकी तीन नंबरचा माग आमच्या भिंतीला चिकटून आहे. त्याचा ठोका बाकीच्यांहून वेगळा आणि ठाशीव. माझं सगळं ड्रमवादन या तीन नंबरवर चालतं. माझ्या ड्रमच्या मशीनमध्ये ताल धरायला टिकटिक आहे, पण ती ऐकली की शाळेतल्या मास्तरांची छडी आठवते. तीन नंबर कधी रागवत नाही. तो चालू असला की मी वाजवतो, तो थांबला की माझाही हात आपोआप थांबतो. ही सवय नीट ध्यानात ठेवा, पुढे तिच्यामुळेच घोळ झालाय.

कॉलेजात असताना मी गल्लीच्या बँजो पार्टीत साइड ड्रम वाजवायचो. मग नोकरी, लग्न, पोरं. पंचेचाळिशी ओलांडल्यावर माणसाला एकतर गुडघे आठवतात नाहीतर राहिलेल्या हौशी. माझे गुडघे ठीक होते. मी इलेक्ट्रॉनिक ड्रम सेट घेतला. जाळीची पॅड, त्यांच्यावर काठी मारली की नुसतं टप टप, आणि खरा आवाज हेडफोनमध्ये. घरात शांतता, कानात कुंभमेळा. सहा महिने सुखाचे गेले. मग एका शनिवारी सिलिंडरवाला आला, दाराशी हाका मारमारून परत गेला. मी आत आठ फुटांवर बसून वाजवत होतो. बायको बाजारातून आली तेव्हा तो गल्लीच्या टोकाला वळत होता.

"ते कानातलं पहिलं काढा," ती म्हणाली. "स्पीकर घ्या काय तो. पण लहान घ्या."

त्या 'लहान' शब्दाने माझे दोन महिने खाल्ले.

पहिला सल्ला फुकटातला. माझ्या मित्राची डॉल्बी आहे. आमच्याकडे मिरवणुकीतल्या त्या भिंतीएवढ्या साऊंडला डॉल्बीच म्हणतात, त्या नावाच्या कंपनीला हे कुणी कळवू नये. गणपतीत याचा ट्रॅक्टर गल्लीत शिरला की मांडणीवरची भांडी स्वतःहून खाली उतरतात. मी त्याला म्हटलं, पाच इंची स्पीकर बघतोय.

"पाच?" तो म्हणाला. "वाटी घेऊलास काय? माझे बेस अठरा इंची हाईत. छातीत लागायला पाहिजे की आवाज!"

"मला छातीत नको, कानात पाहिजे."

"मग डॉक्टरकडं जा."

दुसरा सल्ला गणपत गल्लीच्या बाजूच्या एका दुकानातला. मालकाने चार पायांचा, निळे दिवे लुकलुकणारा होम थिएटर पुढ्यात आणून ठेवला. खोक्यावर हाताएवढ्या अक्षरात वॅटचा भला मोठा आकडा आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात 'पीएमपीओ'. हा पीएमपीओ म्हणजे लग्नाच्या स्थळातला पगार: कधीतरी, एखाद्या क्षणी, सगळं जुळून आलं तर. रोजच्या संसाराला जो उपयोगी पडतो तो आकडा आरएमएस, आणि तो खोक्यावर कुठेच नव्हता. "आवाज बघा की ओ," म्हणत मालकाने गाणं लावलं. ढुम् ढुम् सोडून काही ऐकू येईना. गाणारी बाई विहिरीतून गात होती.

तिथेच मला कळलं की मला नुसता स्पीकर नकोय, मॉनिटर हवाय. घरातला स्पीकर म्हणजे लग्नातला आचारी, सगळ्यात गूळ-तूप घालून वाढणार. मॉनिटर म्हणजे रक्ततपासणीचा कागद, आहे ते सांगणार. तुम्ही काठी उशिरा मारली तर तो उशिराच ऐकवणार. पैसे देऊन हे कशाला ऐकायचं, असं बायकोने विचारलं. तेवढं काम ती इतकी वर्षं फुकट करतेय, असं तिचं म्हणणं.

मग रात्री सुरू झाल्या. सगळे झोपले की मी मोबाईल घेऊन आकडे वाचत बसायचो. अगदी लहान, साडेतीन इंची घ्यावा तर प्रीसोनसचा एरिस खाली 80 हर्ट्झपर्यंत जातो (हर्ट्झचा आकडा जितका लहान, तितका आवाज खर्जातला). मोठ्या ड्रमचं, म्हणजे पायाने मारतो त्या किकचं, पोट साधारण 50 ते 100 हर्ट्झच्या मध्ये असतं. म्हणजे अर्धं पोट गायब, नुसती टिचकी उरणार. पाच इंचीत जेबीएलचा 305 बघितला, त्यावर 43 हर्ट्झ. यामाहाचा एचएस 5 बघितला, त्यावर 54. मी जेबीएलवर शिक्कामोर्तब करून झोपायला निघालो आणि मग बारीक अक्षरं दिसली. हे आकडे 'उणे 10 डेसिबल'चे. म्हणजे तिथे पोचेपर्यंत आवाज कानाला जवळजवळ निम्मा झालेला असतो. नीट ऐकू येईल अशा, उणे 3 डेसिबलच्या हिशेबाने यामाहा 74 वरच दम टाकतो. शेतीच्या उताऱ्यावरही इतकी बारीक अक्षरं नसतात. मी पुन्हा उठून बसलो.

"प्रत्यक्ष ऐकून घ्या," असं सगळे जाणकार सांगतात. म्हणून रात्रीच्या बसने साडेतीनशे किलोमीटर पुण्याला गेलो. दुकानात गारेगार काचेची खोली, भिंतींना जाड स्पंज. पोराने एकामागून एक जोड्या वाजवून दाखवल्या. तिथे प्रत्येक जोडी छान वाजली. त्या खोलीत आमचा प्रेशर कुकरही छान वाजला असता. तीन मिनिटांत मला एवढंच कळलं की मला ती खोली विकत घ्यायची आहे. एक चकलीचा पुडा घेऊन परत आलो.

शेवटी पांढऱ्या कोनवर, म्हणजे स्पीकरच्या तोंडावरच्या त्या पांढऱ्या वाटीवर मन बसलं, त्याचं कारण तांत्रिक कमी आणि भाबडं जास्त. यामाहाने 1978 साली एनएस 10 नावाचा पांढऱ्या कोनचा स्पीकर घराघरांत वाजावा म्हणून काढला. घरच्या लोकांना तो फारसा रुचला नाही. पण रेकॉर्डिंगवाल्यांनी उचलला, कारण यावर चांगलं वाजलं तर कशावरही चांगलं वाजेल अशी त्याची ख्याती झाली. घरात कुणी विचारत नाही आणि बाहेर मान आहे, अशा प्राण्याबद्दल मला जवळीक वाटली. एचएस 5 त्याच पांढऱ्या कोनचा नातू.

ऑर्डर देताना एक गंमत झाली. पत्त्याच्या फॉर्ममध्ये राज्य निवडायचं होतं. बोट सवयीने 'महाराष्ट्र'वर गेलं. खाली लाल अक्षरं आली: पिनकोड जुळत नाही. 1956 पासून आमच्याकडे चाललेला, 2004 पासून सुप्रीम कोर्टात असलेला सीमाप्रश्न त्या फॉर्मने अर्ध्या सेकंदात निकालात काढला. वडील असते तर त्यांनी ऑर्डर रद्द केली असती. मी गुपचूप 'कर्नाटक' निवडलं, कारण डिलिव्हरी फुकट होती.

चार दिवसांनी कुरिअरवाल्याचा कन्नडमध्ये फोन. माझं कन्नड बसस्टँडपुरतं. "सीदा बर्री, सीदा बर्री," एवढं सांगून मी दारात उभा राहिलो. तो सीदा आला तो अण्णांच्याच दारात. अण्णांनी सही करून खोकं घेतलं आणि कुणी मागाचे सुटे भाग पाठवले म्हणून उघडायला घेतलं होतं. वेळेवर पोचलो.

जोडून चालू केले. हूंऽऽऽ. काहीही न वाजवता नुसतं हूंऽऽऽ. देवळात पुजारी ओंकार लावतात तसं, पण भक्तिभाव नाही. वायरमनला बोलावलं. त्याने मीटर लावला, मान हलवली आणि म्हणाला, "घराला अर्थिंगच नाही ओ. तीन पिना हाईत, तिसरी नुसती शोभेला." आजोबांच्या काळातलं घर, तेव्हा शोभा महत्त्वाची असणार. मग परसात केळीजवळ खड्डा खणला, तांब्याची पट्टी गाडली, वर कोळसा आणि मिठाचे थर. आई ओट्यावरून बघत होती. "स्पीकरची दृष्ट काढालास होय रे?" मी म्हटलं, वीज जमिनीत जायला लागते. "मिरच्या पण टाक दोन," म्हणाली. मिरच्या टाकल्या नाहीत, पण हूं थांबलं, त्याचं श्रेय आईने मिठालाच दिलं. आणि या एका बाबतीत ती पूर्ण चूक नाही. मीठ-कोळशाने माती ओल धरते आणि वीज जमिनीत नीट उतरते.

आता जागा. नियम असा की दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि वरचा छोटा स्पीकर कानाच्या रेषेत यावा. माझ्या खोलीत समभुज त्रिकोण करायचा तर तिसरा कोन स्वयंपाकघरात जातो. खोली आठ बाय आठ, पूर्वी तिथे भाताची पोती असायची. शेवटी सामाईक भिंतीला घडवंची लावली, तिच्यावर एका बाजूला आईचा पाटा, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच उंचीची जुनी फरशी, आणि त्यांच्यावर स्पीकर. पाट्यावर स्पीकर बघून आईने दोन दिवस मिक्सरमधली चटणी खाल्ली नाही.

आणि मग पहिल्यांदा किक मारली.

डॉल्बीवाल्या मित्राने ऐकायला हवं होतं! पाच इंची वाटीतून आलेला तो धुम् पोटात लागला. मला वाटलं, वा, काय स्पीकर आहे. स्पीकर बिचारा कागदावर लिहिलंय तेवढंच करत होता, करामत खोलीची होती. आठ फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 70 हर्ट्झचा आवाज चेंडूसारखा अडकतो आणि फुगतो. माझी खोली चौकोनी, म्हणजे दोन्ही बाजूंनी तोच 70. त्यात या स्पीकरचं खर्ज बाहेर सोडणारं भोक मागच्या बाजूला आणि मागे चार बोटांवर भिंत. कर्मधर्मसंयोगाने माझी किकही तिथेच कुठेतरी वाजते. हे सगळं मला नंतर, शांतपणे वाचल्यावर कळलं. त्या दोन दिवसांत मी नुसता खूश होतो. उंच आवाज जरा टोचत होते म्हणून भिंतीवर वाकळ टांगली. झांज मऊ झाली. धुम् तसाच. वाकळीला धुम् अडवता येत नाही. त्याची लाट पाच मीटरच्या आसपास लांब, तिला वाकळ म्हणजे म्हशीला माशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दारात. चेहरा उतरलेला.

"सर, तुम्हाला काय ऐकू येतंय काय ओ? माझ्या मागातनं ठोका यायलाय. दोन दिवस झाले. भिंत हादरत्याय."

माझ्या पोटात तोच 70 हर्ट्झ.

"कुठल्या मागातून?" मी विचारलं.

"तेच की. एकेक माग बंद करून बघितला. एक बंद केला, ठोका हाय. दोन बंद केला, ठोका हाय. चार, तरी हाय. तीन नंबर बंद केला की ठोका बंद! परत चालू केला की जरा वेळानं परत सुरू. तीन नंबरच गेलाय."

मी काही बोललो नाही. तोंड उघडलं होतं, पण शब्द यायच्या आत ते म्हणाले, "जॉबरला बोलावलंय," आणि गेले. जॉबर म्हणजे मागांचा मिस्त्री.

सांगायला हवं होतं. कबूल. पण काय सांगणार? 'अण्णा, तुमचा माग थांबला की माझा हात थांबतो' हे वाक्य पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या दारात जाऊन म्हणावं असं नाही.

मी आत आलो. घडवंची भिंतीपासून दीड हात ओढली, आईची कपाटाकडे जायची वाट बंद झाली. स्पीकरच्या मागे खोलीसाठीचं एक बटण असतं: 0, उणे 2, उणे 4. मी सरळ उणे 4 केलं. पॅडलच्या खाली जुनी रबरी चटई दुहेरी घालून ठेवली. बसून हळूच एक किक मारली. धुम् गेला होता. त्या जागी एक कोरडा, प्रामाणिक 'ठप्' होता, आणि तो तीन नंबरच्या किंचित मागे पडत होता. रक्ततपासणीचा कागद आला.

संध्याकाळी अण्णांनी चहाला बोलावलं. जॉबर हात पुसत बसला होता. तीन नंबर उघडून परत जोडलेला, खटाक-खट चालू. जॉबरने माझ्यासमोर तळहात उघडला. त्यावर एक झिजलेला, तेलकट पिकर होता. धोट्याला ढकलतो तो.

"हाच वाजत होता बघा," तो म्हणाला. "हातात घेतला की मला कळलं."

"आता एक ठोका ऐकू येत न्हाई," अण्णा म्हणाले. "माणूस हुशार हाय."

जॉबरने मान खाली घालून ते स्वीकारलं. गल्लीतले आणखी दोन मागवाले दारात उभे होते. त्यांच्याही मागात काय काय वाजतंय ते सांगायला.

"तुम्हाला पण दोन दिवस लई त्रास झाला असंल न्हवं, सर?" अण्णांनी बशी पुढे केली. बशीत कुंदा होता.

"झाला थोडा," मी म्हणालो.