शिगमो बघायचा की नुसती वाट?

गोव्यातला शिगमो, म्हणजे आपला शिमगा, आणि दरवर्षी तेच! मिरवणूक चारला म्हणायचं आणि पहिला रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत जाणारं पथक, हलायचा साडेसातला. सासूबाई तीन तास दुभाजकावर बसून, धाकटी माझ्या खांद्यावर झोपलेली. पथकं जीव ओतून नाचतात ती परीक्षकांच्या मंचासमोर. आमच्यापर्यंत येईस्तोवर ढोल नुसते गळ्यात. चित्ररथाचा जनरेटर असा धडधडतो की ताशा ऐकूच येत नाही. आणि ते घोडेमोडणीचा नाच करणारे! गावात तालीम करून येतात हो बिचारे. कमरेला लाकडी घोडा बांधून, घामाने निथळत रस्त्यात ताटकळतात. का? तर पाहुणे यायचेत म्हणून! लेकीला 'ओस्सय'चा गजर ऐकवायला आणलं होतं. दहाला तशीच झोपलेली उचलून घरी नेली.