हिरकणीचा नवरा

बसस्थानकावरच्या हिरकणी कक्षाच्या दारात मला ज्या आजींनी अडवलं, त्या तिथल्या कर्मचारी नव्हत्या, हे मला फार उशिरा कळलं. त्यांची नातसून आत बाळाला पाजत होती आणि आजींनी दाराबाहेर बोचकं टाकून स्वतःची पहाऱ्यावर नेमणूक करून घेतली होती. माझ्या हातावर दीड महिन्याची लेक, तिच्या डायपरमध्ये सकाळपासूनची कमाई, आणि बायको महिलांच्या स्वच्छतागृहाच्या रांगेत. ती रांग कधी संपते हे कुठल्याही बाईला विचारा.

"पाव्हणं, हितं बाप्यांचं काय काम?"

"आजी, बाळाचं डायपर बदलायचंय."

"हिची आई कुठं हाय?"

"रांगेत."

"मग येऊ द्या की तिला."

आजींचा नियम बरोबरच होता. आत बायका पाजायला बसतात, तिथं परका पुरुष नकोच. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. बापानं पोर घेऊन जावं कुठं? पुरुषांच्या मुतारीत? तिथं मूल सोडा, हातातली पिशवी टेकवायला धजत नाही कुणी.

दारावरच्या हिरकणीच्या चित्राकडे बघत उभा राहिलो. दूध घालायला रायगडावर गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं लेकरू, म्हणून अंधारात कडा उतरून गेली आणि महाराजांनी तिथं बुरूज बांधला, असं सांगतात. लहानपणापासून ऐकतोय. पण बाप झाल्यापासून मला एकच पडलंय, की तेव्हा तिचा नवरा कुठं होता? घरीच असेल बिचारा. भुकेलं पोर खांद्यावर टाकून रात्रभर अंगणात येरझाऱ्या घातल्या असतील. येरझाऱ्यांचा बुरूज होत नाही.

शेवटी बाहेरच्या बाकावर दुपटं अंथरलं. आजी बोचक्यासकट शेजारी येऊन बसल्या.

"मान धर, मान!"

"धरलीय, आजी."

"टाळूवर तेल घालता न्हवं?"

"नाही."

"घुटी?"

"नाही."

"मध तरी चाटवत असशीला."

"वर्षाची होईपर्यंत मध नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"आन् पाणी?"

"सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही."

आजींनी कपाळावर हात मारून घेतला. "ऐका! उन्हाळ्याचं लेकराला पाणी देत न्हाईत ही!" बाकाभोवती पाचसहा माणसं जमली. कुणीतरी बसची चौकशी सोडून माझी सुरू केली. मी चिकाटीनं समजावलं, की आईच्या दुधातच बाळाला पुरेल एवढं पाणी असतं. "ते तर आमच्या गवळ्याच्या दुधात पण असतंय," भडंगवाला म्हणाला, आणि सभा माझ्या हातून गेली.

तरी हात चालू होते. नवं डायपर आधीच खाली सरकवून ठेवायचं आणि मगच जुनं सोडायचं. मुलगी असेल तर पुसायचं पुढून मागे, उलटं कधीच नाही. आजी एवढ्या एकाच गोष्टीवर काही बोलल्या नाहीत. तेच माझं प्रमाणपत्र.

तेवढ्यात बायको आली. आजी तिला म्हणाल्या, "पोर बाप्याच्या हातात टाकून कुठं हिंडतीस गं? नशीब काढलंस बाई, असला नवरा मिळाला."

एका दमात तिला शिवी आणि मला हार. बाळ तिनं जन्माला घातलं, टाके तिचे, रात्रीची दुधं तिची, आणि एक डायपर बदलल्याबद्दल सत्कार माझा. बायकोनं माझ्याकडे पाहिलं त्यात कौतुक नव्हतं. खरं सांगतो, मला हा सत्कार नकोय. भिंतीला एक फळी हवीय, उघडमीट होणारी, जिथं आईबाप कुणालाही पोराला आडवं करता येईल.

रजेचं तर बोलूच नका. २०१७ पासून आईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे, हवीच. केंद्र सरकारी नोकर बापाला १५ दिवस. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं शून्य, बाकी कंपनीची मर्जी. मी चार दिवस मागितले तर साहेब हसून म्हणाले, "का रे, तू बाळंत झालास का?" सगळा विभाग हसला. मीही हसलो, नोकरी आहे ना.

तेव्हा नव्या बापांनो, परवानगीची वाट बघू नका. दूध पाजणं सोडलं तर सगळं आपल्याला जमतं. पाजून झालं की ढेकर काढायला बाळ आपल्या खांद्यावर. दिवसाला ६ ते ८ डायपर ओले झाले की दूध पुरतंय, म्हणून मोजणीचं खातं आपण घ्यायचं. झोपवायचं पाठीवर, आणि मोहरीची उशी कितीही प्रेमानं शिवलेली असो, ती कपाटात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, की कुणाचाही काढा न ऐकता थेट डॉक्टर. तान्हं बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं हे खरंच आहे, फक्त ते तास सलग येत नाहीत. रात्री तीनला आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं, तेव्हा शेजारी पडलेल्या बायकोलाही तेच वाटत असतं. तिला सांगून टाका, दोघांनाही बरं पडतं.

आणि बाहेर पडताना पिशवीत स्वतःचा एक शर्ट टाका. बाळाची झबली सगळे आठवणीनं भरतात, शर्ट कुणीच भरत नाही.