मिठाची पोती सोडा, देवगिरीचं खरं काय झालं ते बोलू

देवगिरी (आजचा दौलताबाद, यादवांची राजधानी) मिठामुळं पडला असं मानणारे आपल्या मराठवाड्यात घरटी एक सापडतील. धान्य म्हणून गडावर पोती नेली, उघडली तर मीठ निघालं, संपलं राज्य! मेसेज अजून फॉरवर्ड करायलेत लोक. गोष्ट नंतरच्या तवारिखांमधली, म्हणजे फारसी इतिहासग्रंथांमधली आहे, ती खरी धरली तरी मला एकच विचारायचंय, शत्रू दारात येईपर्यंत पोती उघडून बघायला कुणाला टाइमच नव्हता का राव?

कल्याणीचे चालुक्य ढिले पडले तसं 1187 च्या आसपास यादव घराण्यातल्या पाचव्या भिल्लमानं स्वतंत्र राज्य मांडलं. मग सिंघण आला, ते तर यादवांचे सोन्याचे दिवस, संगीतरत्नाकर लिहिणारा शार्ङ्गदेव त्याच्याच पदरी होता. पण हे लढायचे कुणाशी? खाली होयसळ, तिकडं वारंगळचे काकतीय, वर गुजरातवाले. शंभर वर्षं शेजाऱ्यांचीच जिरवायलेत एकमेकांची आणि दिल्लीत काय शिजायलंय याचा कुणाला पत्ता नाही.

त्यात घरातलं वेगळंच. 1271 ला रामदेवरावानं चुलतभाऊ आमणदेवाकडून गादी घेतली ती कशी, तर नाचगाण्याच्या ताफ्यात आपली माणसं घुसवून, आणि नंतर आमणाचे डोळे काढले म्हणतात. 'ज्ञानेश्वरीत ज्याचं नाव आलं त्या राजाला नावं ठेवता का' असं कमेंटमध्ये येणारच, येऊ द्या. नाव आलंय म्हणून हिशोब मांडायचाच नाही का?

1296 ला अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा तो सुलतान पण नव्हता, कडा-माणिकपूरचा सुभेदार, सात-आठ हजार घोडेस्वार घेऊन विंध्य ओलांडून थेट देवगिरीपर्यंत येतो आणि इथं खबर नाही, फौज युवराज शंकरदेवासोबत बाहेर. आणि त्यानं पुडी काय सोडली, तर मागून सुलतानाची मोठी फौज येतेय. युवराज परतला, लढला, जिंकत पण आला होता, तेवढ्यात अलाउद्दीनाच्या सरदाराची, नुसरतखानाची राखीव हजारेक माणसं धूळ उडवत आली आणि यांना वाटलं हीच ती मोठी फौज, झाली पळापळ. म्हणजे मिठाच्या आधी अफवेनंच मारलं की!

बरं, तिथंच संपलं नाही, हेच कुणी सांगत नाही. पुढं बावीस वर्षं मिळाली. तेव्हा कबूल केलेली खंडणी थकली म्हणून 1307-08 ला, आता सुलतान झालेल्या अलाउद्दीनाचा सेनापती मलिक काफूर रामदेवाला धरून दिल्लीला घेऊन गेला, तिथं मानपान केला, 'रायरायान' किताब दिला आणि परत पाठवला. मग हाच राजा काफूरला वारंगळच्या स्वारीत मदत करतो, होयसळांच्या राजधानीवर, द्वारसमुद्रावर जायला आपला सरदार वाटाड्या म्हणून देतो. शेजाऱ्यांशी जुनं वैर होतंच, ते असं फिटलं. मुलगा शंकरदेव फिरला तो मारला गेला, जावई हरपाळदेव उठला तर 1318 ला त्याची जिवंतपणी कातडी सोलली. मला विचाराल तर या घराण्यात शेवटी ताठ मानेनं गेले ते हे दोघंच.

आणि आपल्या बीड जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमपुरीचा 1310 चा ताम्रपट आहे, दिल्लीहून सुटून आल्यानंतरचा. त्यात रामदेवरावानं काशी म्लेंच्छांच्या हातून सोडवली असं कोरलंय!