दृढीकरणाची भेट आणि आमचा चुकलेला कप्पा

नमस्कार ताई,

आमच्या पुस्तकांच्या दुकानाला एकच तारा दिलात, पण त्यामागचा अर्धा राग रास्त आहे. भाचीच्या दृढीकरणासाठी, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या चर्चमधल्या संस्कारासाठी, भेट हवी म्हणून तुम्ही आलात, 'प्रार्थना व भक्ती' लिहिलेल्या कप्प्यातून रोजरीचं (जपमाळेचं) मुखपृष्ठ पाहून पुस्तक उचललंत, आणि घरी गेल्यावर निघाली सतरा वर्षांच्या गरोदर मुलीची कादंबरी. ती तिथे मीच लावली होती, तेच मुखपृष्ठ बघून. वर परत आणलीत तेव्हा पान दुमडलंय म्हणून आमच्या पोराने घेतली नाही. दोन्ही चुका दुकानाच्या. त्या पुस्तकाच्या बाकी प्रती आता कुमारांच्या कप्प्यात आहेत आणि भेट म्हणून कुणी मागितलं तर विषय आधी सांगतो.

पण 'असली पुस्तकं वसईत ठेवूच नका' हे काही मला पटत नाही.

लेखिका पापाला पाप म्हणत नाही, असं तुम्ही लिहिलंत. मिस्सेतला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतला, तो प्रसंग आठवा. कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, सगळं बाक उठतं, ही एकटी बसून राहते, आणि शेजारची मावशी तिचे गुडघे ओलांडून पुढे जाते. आईला तिथेच कळतं. पापाची कबुली द्यायला, कुमसाराला, न गेल्यामुळे कम्युनियन घेऊ न शकणाऱ्या पोरीची ती धास्ती आपल्यातल्याच कुणालातरी लिहिता येते.

पोलिसांचं प्रकरण मसाल्यासाठी घुसडलेलं नाही. अठराच्या आतली मुलगी गरोदर आहे हे कळलं की मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरांना ते पोलिसांना कळवावंच लागतं. त्या भीतीने आई तिला कितीतरी आठवडे दवाखान्यात नेत नाही. मला विचाराल तर पुस्तकातलं सगळ्यात मोठं पाप तेच. तुम्हाला वेगळं वाटू शकतं.

आणि धर्म नि घरातली झाकलेली दुःखं एकत्र लिहिण्याची फॅशन आजची नव्हे. बाबा पदमनजींनी विधवांचे हाल मांडणारं 'यमुनापर्यटन' १८५७ साली लिहिलं. तेही ख्रिस्तीच होते. (तेही आमच्याकडे आहे, पण आज त्याची जाहिरात नको.)

पुस्तक घेऊन या. पावती नसली तरी पूर्ण पैसे देईन. सोमवारी दुकान बंद असतं. पोरगा म्हणाला, दुमडलेलं पान १४२ वं होतं. त्याच्या पुढच्याच पानावर मुलीची आजी येते. तेवढं वाचून आणलंत तरी पैसे पूर्णच मिळतील.