लेआउट मंजूर करण्याआधी पांढरी बघा

गावाच्या जमिनीचे दोन भाग आपल्याकडे पूर्वीपासून मानतात, पिकाची काळी आणि वस्तीची पांढरी. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली की चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती थरावर थर साचते आणि जमीन पांढुरकी, भुसभुशीत होते. मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी, गंगापूर रोड, नाशिकच्या सगळ्या बाजूंनी प्लॉट पडत आहेत. पण ‘या गटात पांढरी आहे का?’ हे जेसीबी लागायच्या आधी कुणी विचारत नाही. हा प्रश्न मंजुरीच्या कागदांत सक्तीने आलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

‘कायदा आहे ना’ असं उत्तर मिळतं. आहे, पण तो माहीत असलेल्या स्मारकापुरता. पांडवलेणी केंद्राच्या संरक्षणात आहेत, म्हणून 2010 च्या दुरुस्तीप्रमाणे संरक्षित हद्दीपासून 100 मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे 200 मीटर परवानगीने. त्याच्या पलीकडे मातीखाली काय आहे, याची चौकशी नाही. त्याच डोंगरात 2021 साली आणखी तीन लेणी उजेडात आली, इतक्या वर्षांच्या नोंदींनंतर! मग शेतजमिनीखालचं कुणाला दिसणार? जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीवर पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी 1950-51 मध्ये उत्खनन केलं, तेव्हा तळाला ताम्रपाषाणयुगाची (तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरायच्या काळाची) खापरं, वर सातवाहनकाळची वस्ती आणि त्याच्याही वर मुसलमानी-मराठा काळाचे थर निघाले. वरून पाहिलं तर ते मातीचं टेकाडच.

तपासणीची सुरुवात कागदापासून होते. 7/12 वर शेताचं स्थानिक नाव लिहायची जागा असते. तिथे पांढरी, गढी, टेकाड असं काही असेल तर थांबायचं. जुना गाव नकाशा आणि नदीपासूनचं अंतर बघायचं. गोदावरी, दारणा, वालदेवी यांच्या काठची उंच, पूर न चढणारी जागा आधी तपासायची.

मग पायी पाहणी. नांगरट झाल्यावर, एखादा पाऊस पडून गेल्यावर खापरं धुऊन वर दिसतात. दहा एकर म्हणजे साधारण 200 बाय 200 मीटर. पाच-पाच मीटरवर ओळी धरल्या तर चाळीस ओळी, आठ किलोमीटर चाल. चौघांचं एका सकाळचं काम. प्रत्येक खापराची जागा जीपीएसवर नोंदवायची, पिशवीत भरून न्यायचं नाही. ताम्रपाषाणयुगातलं जोर्वे पद्धतीचं खापर हातात घेतलं की कळतं: पातळ, लाल, त्यावर काळ्या रंगात रेघा आणि जाळी, नखाने वाजवलं तर धातूसारखा आवाज.

इथे एक मोठी फसगत होते. शेतकरी पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात टाकत आले आहेत. म्हणून खापरं दिसली म्हणजे वस्ती तिथेच होती असं नाही, आणि नाही दिसली म्हणजे खाली काही नाही असंही नाही, कारण नदीच्या गाळाखाली थर दबलेले असतात. त्यासाठी चाचणी खड्डेच हवेत. दर 50 मीटरवर 2 बाय 2 मीटरचा, दहा एकरांत सोळा. मूळ मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत दहा-दहा सेंटिमीटरने खाली जायचं. सोळा खड्डे म्हणजे जेमतेम 64 चौरस मीटर, त्यातून छोटी वस्ती सहज निसटते. म्हणून खापरं दाट असतील तिथे खड्डे वाढवायचे. हे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीनेच, तज्ज्ञांकडून.

एक पुरावा तर बिल्डरच्या फाइलमध्ये आधीच असतो. सॉइल टेस्टच्या बोअरच्या नोंदीत वरचे दोन-तीन मीटर ‘भराव’ म्हणून लिहिलेले असतात. त्या भरावात राख, हाडं, खापरं आहेत का, एवढं जरी लिहायची सक्ती केली तरी निम्मं काम होईल. आणि तशी माती पायालाही वाईटच, ती एकसारखी दबत नाही, मग भिंतींना तडे जातात.

पांढरी निघाली म्हणजे प्रकल्प बुडाला, ही भीती खरी नाही. मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, ती नेमकी तिथे सोडा. वर जाड कापड अंथरून स्वच्छ मातीचा थर द्या, गवत लावा. तिथे बोअरवेल, भूमिगत टाकी, वड-पिंपळ नकोत, आणि व्हायब्रेटर रोलर तर अजिबात नको. बेसमेंट पार्किंग दुसऱ्या कोपऱ्यात हलवा. आराखडा कागदावर असताना हे फुकटात होतं, खोदाईनंतर नाही. दातेरी बकेट दिवसभरात हजार-दीड हजार वर्षांचे थर डंपरमध्ये भरते, आणि ती माती दुसऱ्याच कुठल्या प्लॉटवर पडली की तिथल्या तपासणीचाही घोटाळा.

काम चालू असताना काही निघालंच तर मशीन बंद, फोटो, तहसीलदारांना आणि पुरातत्त्व विभागाला कळवणं. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेला ऐवज दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला 1906 साली 13,000 हून अधिक चांदीची नाणी निघाली, क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने पुन्हा ठसा मारलेला. सत्ता कुणाकडून कुणाकडे गेली ते त्या ठशांवरून कळलं. अशी नाणी मुकादमाने आणि ड्रायव्हरने वाटून घेतली तर उरते फक्त चांदी.

महापालिकेकडे माझी मागणी एकच आहे. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आखता येते, तशी विकास आराखड्यावर पांढरीची रेषा आखा. सुरुवात गोदाकाठच्या गावठाणांपासून करा, आणि सिंहस्थाच्या रस्त्यांची खोदाई उरकायच्या आधी करा.