आजोबांच्या बोटांचे डाग

आजोबांची दुनळी बंदूक ही घराण्याची ठेव आहे, यावर आमच्या सर्व नातेवाइकांचे एकमत आहे. ती कोणाच्या घरी राहावी यावरही एकमत झाले, कारण त्या बैठकीला मी उशिरा पोहोचलो. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे हा तोवर मला नुसता वाक्प्रचार वाटत होता.

बंदूक बारा बोअरची आहे, म्हणजे तिच्या नळीत चपखल बसतील अशा शिशाच्या १२ गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. (हे गणित सांगू लागलो की ऐकणाऱ्याला घरची आठवण येते.) लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून आणि ठोकून या नळ्या घडवल्या असल्यामुळे त्यांवर पाण्याच्या तरंगांसारखी नक्षी दिसते. नक्षी देखणी, पण नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. १८८४ साली फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली, तिचा दाब त्यांना सोसेलच असे नाही. आजचे काडतूस घालून चाप ओढलाच, तर वारशाबरोबर वारसही जायचा. तेव्हा जिचा बार कधीच उडवायचा नाही, अशा बंदुकीला तेल पाजणे हे माझे काम, आणि तेही दर वेळी ती उघडून नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केल्यानंतर.

तिच्या अक्रोडी दस्त्यावर एक खोच आहे. आत्याच्या मते तो बिबट्याचा दात, काकांच्या मते दरोडेखोराच्या कुऱ्हाडीचा घाव. खिडकीची कडी बसेना म्हणून ह्यांनी ती दस्त्याने ठोकली, असे आजी सांगत असे. पण आजीची साक्ष घरात कोणी ग्राह्य धरली नाही.

एकदा नळीवर ओळीने चार तपकिरी डाग दिसले, म्हणून बारीक लोखंडी लोकरीने आणि तेलाने तासभर घासून ते घालवले, आणि पाठ थोपटून घेण्याच्या अपेक्षेने आत्याला बोलावले. तिने नळीवरून हात फिरवला, जिथे डाग होते तिथे थांबली आणि म्हणाली, "बाबांची बोटं पुसलीस रे!" घामातल्या मिठाने पोलाद गंजते, हे मी तिला समजावून सांगितले, तिला ते ठाऊकच होते, म्हणून तर ती रडत होती. पुढचे काही महिने माझा उल्लेख घरात "तो घासणारा" असा होत असे.

परवा आत्या पुन्हा आली. बंदूक उजेडात धरून तिने पाहिले आणि तिचा चेहरा एकदम उजळला, कारण नळीवर त्याच जागी ओळीने चार पुसट डाग उमटले होते. "बघ, बाबा असे सहजासहजी जायचे नाहीत," ती म्हणाली.

गेल्या खेपेला तेल दिल्यावर बंदूक उघड्या हाताने उचलून ठेवली होती, हे मला तेवढ्यात आठवले. मी दोन्ही हात खिशात घातले.